पाचही बोटं वरणात

मुलांनो,

तुमची पत्रं आली की मी आधी नुसती पाकिटं बघत बसते. कुणी मागे फूल काढलेलं असतं, कुणी तिकीट उलटं चिकटवलेलं असतं. गेल्या महिन्यात एका पाकिटावर चक्क पिवळा डाग होता. नाकाशी धरून पाहिलं, तर काय, हळद! वरणाचाच डाग होता तो. म्हटलं, हे पत्र सगळ्यांत आधी वाचायला हवं.

पत्र सहावीतल्या एका मुलीचं होतं. तिचं नाव सांगत नाही, कारण 'छापलंत तर नाव छापू नका' हे वाक्य तिनं दोनदा अधोरेखित केलंय. ती लिहिते :

'प्रिय मावशी, आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसात वाजता लढाई होते. माझा धाकटा भाऊ दहा महिन्यांचा आहे. चमचा दिसला की तो तोंड घट्ट मिटून घेतो. मग आई त्याचे दोन्ही हात धरते, मी मोबाइलवर गाणं लावते आणि आजी टाळ्या वाजवते. तो गाण्याकडे बघायला लागला की त्याचं तोंड आपोआप उघडं पडतं. तेवढ्यात आई चमचा आत सरकवते. चार चमचे जातात, पाचवा तो फुर्रकन उडवतो. पाकिटावरचा डाग त्याचाच आहे. काल आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. म्हणाली, "माझं बाळ माझ्या हातचं खात नाही." मावशी, मी काय करू?'

वाचून मलाही वाईट वाटलं. ज्या आईनं एवढा मऊ गुरगुट्या भात केला, त्यावर तूप घातलं, तिला किती लागलं असेल! पण मुलांनो, त्या पत्रात एक छोटंसं वाक्य आहे. तुमच्या लक्षात आलं का? पुन्हा एकदा वाचा पाहू.

सापडलं? 'आई त्याचे दोन्ही हात धरते.' सगळी गोम इथेच आहे!

आता तुमच्या घरातलं किंवा शेजारचं एखादं बाळ डोळ्यांसमोर आणा. पाच-सहा महिन्यांचं झालं की हाताला लागेल ते तोंडात घालतं. खुळखुळा, दुपट्याचं टोक, बाबांचा चष्मा, आणि काहीच मिळालं नाही तर स्वतःच्या पायाचा अंगठा! आपण ओरडतो, 'शी, टाक ते!' पण बाळाचा तर अभ्यास चाललेला असतो. हे मऊ आहे की टणक? गार आहे की ऊन? दाबलं तर काय होतं? त्याला वाचता येत नाही, कुणाला विचारता येत नाही. हात आणि तोंड हीच त्याची पाटी-पेन्सिल.

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न सुरू करतात. आपल्याकडे त्या वेळी उष्टावण होतं. मामाच्या मांडीवर बसवून बाळाला खीर चाटवतात. त्या वयात बाळ कुठलीही वस्तू अख्ख्या पंजानं पकडतं. भाताची मूठ आवळली की सगळा भात बोटांच्या फटींतून बाहेर, आणि तोंडात जाते रिकामी मूठ! पुढे नऊ-दहा महिन्यांच्या सुमाराला एक मोठी गंमत होते. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांना भेटतात. चिमूट तयार होते! मग ते बाळ जमिनीवर सांडलेलं भाताचं एकच शीत अगदी जपून उचलतं, डोळ्यांपुढे धरतं आणि तोंडात टाकतं. तुम्ही आज पेन्सिल धरता, सुईत दोरा ओवता, रांगोळी सोडता, ती सगळी याच चिमटीची करामत आहे, बरं का.

म्हणजे बघा, चिमूट नुकतीच जमायला लागलेली. ती सारखी वापरून बघावी असं वाटतंय. आणि नेमकं जेवायच्या वेळी कुणीतरी दोन्ही हात धरून ठेवलेत! तुम्हाला नवी कोरी सायकल आणली आणि कुलूप लावून ठेवली, तर तुम्ही काय कराल? थयथयाट! बाळ तेच करतं. त्याला कदाचित वरण नावडत नसेल. त्याला कुलूप नावडत असेल.

बोटांना एवढं काय कळतं, असं वाटतंय ना? मग एक प्रयोग करा. पाच वाट्यांत थोडं थोडं मीठ, साखर, रवा, बेसन आणि तांदळाची पिठी घ्या. हात धुवा, पुसून कोरडे करा आणि डोळ्यांना रुमाल बांधा. आता भावाला किंवा बहिणीला वाट्यांच्या जागा बदलायला सांगा. आधी नुसता चमचा फिरवून काय आहे ते ओळखा. मग तेच बोटांच्या चिमटीत धरून ओळखा. चाखायचं नाही, वास घ्यायचा नाही. चमच्याला किती गुण मिळाले आणि बोटांना किती, ते वहीत लिहून ठेवा.

बोटं का जिंकतात, याचं उत्तर मेंदूत आहे. वाइल्डर पेनफिल्ड नावाचे कॅनडातले एक मोठे शस्त्रवैद्य होते. मेंदूच्या शस्त्रक्रिया करता करता त्यांनी एक नकाशा तयार केला. शरीराच्या कुठल्या भागाचा स्पर्श मेंदूच्या कुठल्या जागी कळतो, याचा नकाशा! १९३७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात एक अजब गोष्ट दिसली. एवढी मोठी पाठ, पण मेंदूत तिला जागा इवलीशी. आणि हाताची बोटं, ओठ, जीभ यांना मात्र भलीमोठी जागा. त्या मापानं माणसाचं चित्र काढलं तर हात सुपाएवढे, ओठ फुगलेले आणि पाठपोट काडीसारखं असा एक विचित्र बुटका तयार होतो!

जेवताना हे सुपाएवढे हात आपल्यासाठी केवढं काम करतात पाहा. भात अजून चटका देतोय, जरा थांब, हे जिभेच्या आधी बोटांना कळतं. माशातला बारीक काटा बोटांना सापडतो. वरणातली मिरची बोटं बाजूला काढतात. भाताचं आळं करायचं, त्यात वरण ओतायचं, बांध फुटू न देता कालवायचं, हे काय चमच्याचं काम आहे? आणि आजी शितावरून भाताची परीक्षा करते, ती कशानं? दोन बोटांत शीत दाबूनच ना?

तर हे सगळं मनात धरून मी त्या मुलीला उत्तर पाठवलं. काय लिहिलं ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट, बाळाला डॉक्टरांकडे नेऊन वजन बघून घ्या. वजन वाढत नसेल, बाळ मलूल असेल, घास गिळताना त्याला त्रास होत असेल, तर डॉक्टर सांगतील तसंच करायचं. तिथे मावशीचं काही चालत नाही.

वजन ठीक असेल, तर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. सगळे जेवायला बसतात तेव्हाच बाळाला टेकू देऊन नीट ताठ बसवायचं. खाली जुनी धुतलेली चादर पसरायची. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अन्नाला लागते. बाळाचे हात साबणानं धुवायचे आणि त्याच्यापुढे थोडंसंच वाढायचं : मऊ खिचडीचा एक छोटा गोळा, उकडलेल्या रताळ्याची बोटाएवढी फोड, पिकलेल्या केळ्याचा तुकडा. दोन बोटांत सहज चिरडेल इतकं सगळं मऊ हवं. मग आपण आपलं जेवायचं. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, 'अजून एक घास' म्हणायचं नाही. चमचा जवळ असू द्या. त्यानं तोंड पुढे केलं तर भरवा, तोंड फिरवलं तर पुरे.

आणि लाल शाईनं मी लिहिलं : बाळ खात असताना त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे, लाह्या, गोळ्या असलं काहीही त्याच्या हाती द्यायचं नाही. घशात अडकलं तर जिवावर बेततं. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही चाटवायचा नाही. कौतुकानं एखादी ताई किंवा दादा नेमकं हेच भरवायला जातो, म्हणून तुम्हा सगळ्यांनाच सांगतेय.

आता तुमच्या आई-बाबांच्या मनात आलंच असेल, 'अहो, बाळावर सोडलं तर ते उपाशी राहील!' त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट सांगते.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. त्या काळी तिकडचे डॉक्टर बाळानं किती वाजता, काय आणि किती खायचं याचे तक्तेच लिहून देत. आणि घरोघरी बाळं तोंड मिटून बसत! डॉ. डेव्हिस यांनी नुकतंच वरचं खायला लागलेल्या बाळांवर एक प्रयोग केला. १९२८ साली त्यांनी पहिल्या तीन बाळांची हकिकत छापली आणि १९३९ साली एकूण पंधरा मुलांची. तीसहून जास्त पदार्थांची यादी होती : दूध, अंडी, मांस, मासे, फळं, भाज्या, ओट, गहू, बार्ली. सगळं साधं, ताजं, साखर न घातलेलं. प्रत्येक जेवणाला त्यातले बरेचसे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत समोर यायचे. परिचारिका चमचा घेऊन शेजारी बसायची, पण तोंडातून शब्द काढायचा नाही! बाळानं वाटीकडे हात नेला तरच त्यातलं एक चमचाभर द्यायचं. बाळानं बोटांनी खाल्लं तरी कुणी टोकायचं नाही.

पहिल्या दिवशी काय झालं असेल? बाळांना कशाची चव काय, हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी वाट्या चावून पाहिल्या, चमचे चावले, तबकाची कड चावली, त्यावरचा कागदसुद्धा! काही पदार्थ तोंडात घेऊन थुंकले. पण थोड्याच दिवसांत प्रत्येकाला आपापली आवड सापडली. प्रत्येकाची आवड निराळी, आणि आज अंड्यांवर ताव मारला तर पुढच्या आठवड्यात फळांवर. तरीही सगळी मुलं चांगली वाढली. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्या तबकात कॉड माशाच्या तेलाचा पेला ठेवला. ते कडवट तेल ते बाळ आपणहून पीत राहिलं, कधी कमी, कधी जास्त, आणि बरं झाल्यावर त्यानं ते सोडून दिलं!

पण थांबा! 'मग आम्हालाही हवं ते खाऊ द्या' म्हणून वेफर्सच्या पुडीकडे हात नेऊ नका. डॉ. डेव्हिस यांनी स्वतःच सांगितलं होतं की खरी युक्ती त्या यादीत होती. यादीत वाईट असं काही नव्हतंच, म्हणून काहीही निवडलं तरी चालत होतं. म्हणजे कामाची वाटणी अशी : ताटात काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं ते बाळाच्या पोटानं ठरवायचं.

तीन आठवड्यांनी त्या मुलीचं दुसरं पत्र आलं. या वेळी पाकिटावर दोन डाग होते!

'मावशी, डॉक्टरांनी वजन बरोबर आहे म्हणून सांगितलं. पहिल्या दिवशी त्यानं खिचडी केसांना लावली, आजीच्या लुगड्याला लावली आणि फक्त दोन शितं खाल्ली. बाबा म्हणाले, "हा काय तमाशा? अन्नाची नासाडी नुसती." आई काही बोलली नाही, पण तिचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी मीच चादर पसरली. तिसऱ्या दिवशी त्यानं रताळं कुस्करलं आणि बोटं चोखली. मग रोज थोडं थोडं. पालक अजून थुंकतो. आता साडेसातला लढाई होत नाही, पण चादर मला धुवावी लागते. आणि मावशी, परवा एक गंमत झाली. त्यानं चिमटीत भाताचं शीत धरलं, वर बघितलं आणि हात लांब करून आईच्या तोंडाशी नेलं. आईनं ते खाल्लं. मग ती पुन्हा रडली, पण या वेळी स्वयंपाकघरात गेली नाही. सगळ्यांसमोरच रडली आणि हसली.'

मुलांनो, हे वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. 'माझं बाळ माझ्या हातचं खात नाही' म्हणणाऱ्या आईला बाळानंच पहिला घास भरवला!

पालक थुंकतो त्याची काळजी नको. नवी चव बहुतेक बाळांना लगेच आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा ती समोर यावी लागते, आणि तीही जबरदस्ती न करता. आणि बाळ कधी डाव्या हातानं खायला लागलं तर त्याच्या हातावर फटका मारू नका. त्या वयात ते दोन्ही हात वापरतं. पुढे एखादं बाळ डावखुरं निघालं, तर तीही त्याची ठेवणच.

पण त्या पत्राचा शेवट राहिला. तो वाचून मी बराच वेळ विचार करत होते. ती लिहिते, 'मावशी, एक खरं सांगू? मी भावाला हातानं खायला शिकवते, पण शाळेत डब्यातला वरणभात चमच्यानं खाते. एक मुलगी मला म्हणाली होती, "ई, हातानं खातेस?" तेव्हापासून मी चमचा नेते. मला कालवून खाल्ल्याशिवाय चव लागत नाही. मी खोटारडी आहे का?'

नाही गं बाळा! कुणी हसलं की वाईट वाटतंच. पण हसणं कसं फिरतं त्याची एक गंमत ऐक.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये टॉमस कोरिअट नावाचा एक भटक्या माणूस होता. १६०८ साली तो इटलीत फिरून आला. तिथले लोक मांसाचा तुकडा काट्यानं धरून कापतात, हे त्यानं पाहिलं. इंग्लंडात तोवर सुरी असे, चमचा असे, पण तुकडा उचलायचा तो बोटांनीच. कोरिअटनं १६११ साली आपल्या प्रवासाचं पुस्तक काढलं आणि त्यात या काट्याचं वर्णन केलं. स्वतःही घरी काट्यानं जेवायला लागला. मग काय, मित्रांनी त्याची थट्टा सुरू केली! त्याला लॅटिनमधलं एक टोपणनाव मिळालं, 'फर्सिफर'. त्याचा एक अर्थ काटा बाळगणारा आणि दुसरा अर्थ बदमाश! म्हणजे बघ, तिथे काट्यानं खाणाऱ्याला हसत होते. पुढे हाच कोरिअट बराचसा पायी चालत हिंदुस्थानात आला, आणि १६१७ साली सुरतेला वारला. ज्या माणसाला काट्यापायी हसले, त्याचा शेवट हातानं जेवणाऱ्यांच्या मुलखात झाला!

इथिओपियात आजही एका मोठ्या ताटाभोवती बसून इंजेरा नावाच्या मऊ, जाळीदार पोळीच्या तुकड्यानं कालवण उचलून खातात. आणि ज्याच्यावर माया आहे त्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं घास भरवतात. आपल्यासारखंच की! चीन-जपानमध्ये काड्यांनी जेवतात, तीही सुंदर कला आहे. सूप प्यायला चमचा हवाच. चमचा वाईट नाही आणि हातही मागासलेला नाही. मळलेला हात मात्र वाईट, आणि मळलेला चमचाही.

म्हणून माझी एक अट आहे. हातानं खायचं तर हात खरे धुतलेले हवेत. नळाखाली बोटं ओली केली की झालं, असं नाही! साबण लावून तळवे, बोटांच्या मधल्या फटी, अंगठे आणि नखांच्या कडा निदान वीस सेकंद चोळायच्या. नखं कापलेली हवीत, कारण नखांखालच्या मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. फेब्रुवारीत शाळेत जंतांची गोळी मिळते ना, ती याचसाठी. आणि धाकट्याला भरवायचं असेल तर आपले हात आधी धुवायचे, मग त्याचे.

हे सगळं मी त्या मुलीला लिहिलं आणि शेवटी म्हटलं, चमचा डब्यात राहू दे. ज्या दिवशी मनापासून वाटेल त्या दिवशी हात स्वच्छ धुऊन भात कालव. आणि त्या मैत्रिणीला एक घास दे. 'ई' म्हणणाऱ्याला बऱ्याचदा फक्त चव ठाऊक नसते.

आता तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. पाच वाट्यांचा प्रयोग करा. घरात बाळ असेल तर जेवताना त्याची बोटं नीट बघा : मूठ आहे की चिमूट? आणि एका दिवशी टीव्ही, मोबाइल, पुस्तक सगळं बाजूला ठेवून भात कालवून खा. किती घासांनंतर पोटानं 'पुरे' म्हटलं ते मोजा. मला कळवायला विसरू नका.

पत्रावर डाग पडला तरी चालेल. फक्त कसला डाग आहे ते शेजारी लिहा, म्हणजे मला वास घेत बसायला नको!

तुमची,
मावशी